मिठाचा हात धरून

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे प्रमाण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, अंगणवाडीच्या दाराशी, शाळेच्या पुस्तकात ते आपण कधी ना कधी वाचलेलं असतं. आपल्याकडे त्याला जलसंजीवनी असं सुरेख नाव आहे. पण मीठच का, साखरच का आणि दोन्ही मिळूनच का, हे सहसा कुणी सांगत नाही. मीठ चवीसाठी आणि साखर ताकदीसाठी, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खरी नाही. जुलाबानं गळून गेलेल्या पोराला सहा चमचे साखरेनं कितीशी ताकद येणार? ती साखर वेगळ्याच कामाला आलेली असते. एक दार आहे, ते उघडायला ती आलेली असते.

त्या दाराविषयी आज बोलायचं आहे. मी बी.ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. पेशी आणि रेणू हे माझं क्षेत्र नव्हे. पण दार, उंबरठा, आत कोण आणि बाहेर कोण, हे विषय तर आम्हा कवींचेच. तेव्हा थोडी ढवळाढवळ चालवून घ्या.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे आणि प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो. पाठ्यपुस्तकात त्याला पेशीपटल म्हणतात. तो इतका पातळ असतो, की एक मिलिमीटर जाडी भरायला असे लाखाहून जास्त पडदे एकावर एक रचावे लागतील. आणि हा पडदा कशाचा, तर मुख्यतः स्निग्ध पदार्थाचा. म्हणजे तेलातुपाच्या जातीचा.

हे कळलं कसं, त्याची हकीकत मजेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झुरिचमध्ये अर्नेस्ट ओव्हर्टन नावाचा शास्त्रज्ञ वनस्पतींच्या पेशी निरनिराळ्या द्रावणांत बुडवून बघत होता. शेकडो पदार्थ त्यानं तपासले. त्याच्या ध्यानात आलं, की जे पदार्थ तेलात विरघळतात ते पेशीत चटकन शिरतात आणि जे फक्त पाण्यात विरघळतात ते बाहेर ताटकळतात. म्हणजे पडदा तेलाच्या जातीचा असणार. पुढे १९२५ साली हॉलंडमधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधली सगळी चरबी काढून पाण्यावर पसरली. तिनं व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. त्यावरून त्यांनी सांगितलं, की पडद्यात स्निग्ध रेणूंचे दोन थर असले पाहिजेत. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, असं नंतर लक्षात आलं. पण एक चूक उणे आणि दुसरी अधिक, त्यामुळे उत्तर बरोबर आलं. परीक्षेत असं नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

या स्निग्ध रेणूंना एक डोकं असतं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना ते सोसत नाही. म्हणून दोन रांगा शेपटीला शेपटी लावून उभ्या राहतात. दोन्ही बाजूंना डोकी आणि मधे तेल. आता या तेलातून कोण पार होईल, याचा विचार करा.

प्राणवायूचा रेणू लहान, त्याला कसला विद्युतभार नाही. तो सरळ पार होतो. कार्बन डायऑक्साइडही तसाच. मद्यार्कही फार अडत नाही, म्हणून तर दारू इतक्या लवकर डोक्यात जाते. हे सगळे परवान्याशिवाय जाणारे. पाण्याची गोष्ट जरा अवघड. पाण्याचा रेणू अगदी लहान, पण तेलाशी त्याचं जमत नाही. तो पडद्यातून थोडाथोडा झिरपतो खरा, पण काही पेशींना पाणी इतक्या वेगानं लागतं, की झिरपण्यावर भागत नाही. त्यांच्या पडद्यात पाण्यापुरत्या खास नळ्या असतात. अमेरिकेत पीटर अ‍ॅगर हे रक्तगटाशी संबंधित प्रथिनाचा शोध घेत असताना दुसरंच एक प्रथिन त्यांच्या हाती लागलं. ते पाण्याची नळी आहे हे १९९२ साली सिद्ध झालं आणि २००३ साली त्यांना नोबेल मिळालं. अशा एका नळीतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू एकामागोमाग एक रांगेनं जातात.

मिठाची गोष्ट याहून अवघड. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग होतात, सोडियम आणि क्लोराइड. दोघांवरही विद्युतभार असतो. असा भार घेऊन तेलातून जाणं जवळजवळ अशक्य. साखरेचंही तसंच. ग्लुकोजचा रेणू मोठा आणि पाण्यात रमणारा. त्यांना पार जायचं तर दार हवं, आणि दारं असतात ती प्रथिनांची. ती पडद्यात आरपार रोवलेली असतात आणि प्रत्येक दार ठराविक पाहुण्यासाठीच उघडतं. फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, ग्लुकोजची सख्खी बहीण म्हणावी अशी. पण आतड्यात तिचं आत शिरण्याचं दार निराळं.

पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा, तो आठवा. जकात हा शब्द मूळ अरबी. आमच्याकडे तो दानधर्मासाठी आहे, वर्षाच्या बचतीतून गरिबांचा वाटा काढून देण्यासाठी. मराठीच्या वेशीतून आत येता येता त्यातलं दान गळालं आणि कर तेवढा उरला. शब्दही वेस ओलांडताना काहीतरी मोजतात. पेशीच्या नाक्यावरही तसंच आहे. उतारानं, म्हणजे गर्दीकडून विरळ जागेकडे जायचं असेल तर जकात नाही. चढ चढून जायचं असेल तर ती द्यावी लागते.

ही जकात वसूल करणारा सगळ्यात मोठा नाका म्हणजे सोडियमचा पंप. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करून १९५७ साली तो शोधला. त्यांना नोबेल मिळालं १९९७ साली, चाळीस वर्षांनी. हा पंप एका फेरीत तीन सोडियम पेशीबाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. प्रत्येक फेरीला ऊर्जेचं एक नाणं मोजावं लागतं. आपण गाढ झोपलेले असतानाही शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा मोठा वाटा या एकाच कामावर जातो. त्यामुळे पेशीच्या आत सोडियम नेहमी कमी आणि बाहेर जास्त राहतो. बाहेरून आत असा सोडियमचा एक उतार कायम तयार असतो.

या उताराचा उपयोग काय? माझ्या वयाच्या आणि त्याहून मोठ्या श्रोत्यांनी विहिरीवरची मोट पाहिली असेल. बैल धावेवरून खाली उतरत जातात आणि त्यांच्या चालण्यानं नाडा ओढला जाऊन पाण्यानं भरलेली मोट वर येते. बैल खाली, पाणी वर. आतड्याच्या पेशीत नेमकं हेच चालतं. सोडियम उतारानं आत येतो आणि येताना ग्लुकोजला सोबत खेचून आणतो, ग्लुकोजला चढ असला तरी. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज, अशी जोडणी जमली तरच ते दार फिरतं. नुसता ग्लुकोज आला तर दार जागचं हलत नाही, नुसत्या सोडियमचंही काम तिथं होत नाही. १९६० साली प्राग शहरात भरलेल्या एका शास्त्रीय परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना चित्र काढून मांडली. ते दार ज्या प्रथिनाचं बनलेलं आहे त्याचा जनुक हाती यायला मात्र १९८७ साल उजाडलं.

मोटेची उपमा इथं जरा तुटते, तेही सांगायला हवं. धावेच्या तळाशी आलेला बैल पुन्हा वर न्यावा लागतो. पेशीत आलेला सोडियम आल्या वाटेनं परत जात नाही. पेशीच्या मागच्या बाजूला तो पंप बसलेला असतो, तो सोडियमला रक्ताच्या बाजूला लोटून देतो. ग्लुकोजही मागच्या दुसऱ्या दारानं, आता उताराला लागल्यामुळे विनाजकात, बाहेर पडतो. आणि या दोघांच्या मागोमाग पाणी येतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. ज्या बाजूला विरघळलेलं जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. शास्त्रात त्याला परासरण म्हणतात. आतड्याला पाणी ओढून घेणारा स्वतंत्र पंप नाही. मीठ आणि साखर पुढे जातात, पाणी त्यांच्या मागून जातं.

आपल्या आतड्यात रोज साधारण नऊ लिटर द्रव उतरतो. त्यातला जेमतेम दोन लिटर आपण प्यायलेला, बाकीचा लाळ, जठररस, पित्त असा शरीरानंच सोडलेला. बाहेर पडतं ते फक्त शंभर-दोनशे मिलिलिटर. उरलेलं सगळं आतडं परत घेतं, आणि हे काम इतक्या गुपचूप चालतं, की ते बिघडल्याशिवाय आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

ते बिघडण्याचं सगळ्यात भयंकर रूप म्हणजे कॉलरा, आपली पटकी. गावोगाव मरीआईची देवळं आहेत, ती या भीतीतून उभी राहिलेली. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूवर शिक्कामोर्तब केलं, पण हा जंतू माणसाला मारतो कसा, ते कळायला आणखी पाऊणशे वर्षं गेली. १९५९ साली कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं, की जंतू आतड्यात एक विष सोडतो आणि सगळी करणी त्या विषाची आहे. हयातीत त्यांचं व्हावं तेवढं कौतुक झालं नाही.

ते विष पडदा कसं ओलांडतं, ते ऐकण्यासारखं आहे. पटकीचा जंतू स्वतः पेशीत शिरतच नाही. विषाचा रेणू अवाढव्य, कुठल्याच दारात न मावणारा. त्याला पाच पाकळ्यांचं कडं असतं. त्या कड्यानं तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका स्निग्ध रेणूला घट्ट धरतो. पेशी आपला तेवढा पडदा आत ओढून त्याची पिशवी करते, आणि शत्रू त्या पिशवीत बसून आत जातो. पेशीनं त्याला हातानं धरून घरात घेतलेलं असतं. आत गेल्यावर तो एक खटका असा दाबून ठेवतो, की क्लोराइडचं दार उघडंच राहतं. क्लोराइड आतड्यात धो धो वाहू लागतो, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. त्याच वेळी एरवी मीठ आत घेणारी नेहमीची वाटही हे विष बंद करतं. तीव्र पटकीत माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जातो.

अशा माणसाला नुसतं पाणी पाजलं, तर ते आतड्यातून तसंच वाहून जातं. मिठाचं पाणी पाजलं, तरी तेच. म्हणून शतकानुशतकं लोकांना वाटत आलं, की जुलाबात पाणी देऊ नये, दिलं तर जुलाब वाढतात. आमच्या कोकणातल्या वाडीत मी लहान असताना शेजारच्या घरातलं दोन वर्षांचं पोर असंच गेलं. ते पाणी मागत होतं आणि घरातली मोठी माणसं आतडी कोरडी ठेवायची म्हणून देत नव्हती. ती माणसं निर्दय नव्हती. पाजलेलं पाणी बाहेर पडताना ती डोळ्यांनी बघत होती. आमची नानी मात्र अशा वेळी भाताची पातळ पेज करायची, मीठ घालून, आणि वाटीवाटीनं पाजत राहायची. तिला अक्षरओळख नव्हती. तांदळातलं पिष्ट आतड्यात फुटून त्याचा ग्लुकोज होतो, आणि मीठ घातलेली पेज म्हणजे सोडियम-ग्लुकोजची जोडीच झाली, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर पुस्तकात वाचायला मिळालं.

पटकीचं विष सगळी उलथापालथ करतं, पण एका दाराला हात लावत नाही. सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत येण्याचं ते दार धडच राहतं. सगळ्या घराला आग लागलेली असावी आणि मागची एक दिंडी तेवढी उघडी असावी, तसं. मिठाच्या पाण्यात साखर घातली, की त्या दिंडीतून सोडियम आत जाऊ लागतो आणि त्याच्यामागून पाणी. जुलाब लगेच थांबत नाहीत. पण जातं त्याहून जास्त आत येऊ लागतं आणि माणूस तगतो.

हे ज्ञान सरळ रेषेत आलं नाही. १९५३ साली कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून पटकीचे सौम्य रुग्ण बरे केल्याचं 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिलं. कुणी लक्ष दिलं नाही. क्रेन यांचं चित्र सात वर्षं दूर होतं, त्यामुळे असं का व्हावं, याचं उत्तर कुणापाशीच नव्हतं. पुढे अमेरिकी नौदलातले डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांना मनिलामध्ये ग्लुकोजचा गुण दिसला, पण त्यांचं द्रावण फार दाट होतं. दाट द्रावण आतड्यात गेलं की कैरीच्या फोडींसारखं उलटंच होतं; रक्तातलं पाणी आतड्याकडे ओढलं जातं. काही रुग्ण दगावले आणि फिलिप्स यांचा या वाटेवरचा विश्वास उडाला. रसायन तेच, प्रमाण चुकलं. वृत्तात एक मात्रा जास्त झाली तर ओळ लंगडते, इथं माणूस जातो.

१९६८ साली ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी हिशेब नीट मांडला. जितकं बाहेर पडेल तितकं मोजायचं आणि योग्य प्रमाणातलं द्रावण तितकंच पाजायचं. शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाईनची गरज सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी झाली. तरीही हे इस्पितळातलं, डॉक्टरांच्या नजरेखालचं काम होतं. खेड्यातल्या आईला ते जमेल, असं कुणी मानत नव्हतं.

मग १९७१ साल आलं. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले आणि त्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. पश्चिम बंगालमध्ये सीमेजवळ बनगाव आहे, तिथल्या छावण्यांत पटकी पसरली. जूनच्या अखेरीस डॉ. दिलीप महालनबीस तिथं पोचले, तेव्हा सोळा खाटांचं ते इस्पितळ भरून गेलं होतं आणि जमिनीवर, रुग्णांच्या उलट्या-जुलाबात गुडघे टेकून डॉक्टरांना सलाईन लावावं लागत होतं. थोड्याच दिवसांत सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा महालनबीस यांनी ठरवलं, की पाजायचं द्रावण सरसकट द्यायचं आणि ते पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवायचं. कलकत्त्यातल्या त्यांच्या संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं जाई आणि पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीनं चिकटवली जात. ग्रंथालयाचा असा उपयोग झाल्याचं वाचून मला फार बरं वाटलं. खर्च लिटरला अकरा पैसे. छावणीत तोटीचे पिंप ठेवले, आया आणि बहिणी पेले भरभरून नेत आणि पाजत. अगदी बेशुद्धीला टेकलेल्यांना मात्र सलाईनच द्यावं लागे.

आठ आठवड्यांत ३७०० हून अधिक रुग्ण तिथं आले. आधी शंभरातले सुमारे तीस जात होते. आता साडेतीनच्या आसपास गेले. त्याच काळात बांगलादेशच्या एका गुप्त नभोवाणी केंद्रावरून हे द्रावण कसं करायचं ते सांगितलं जात होतं. आज माझ्यासमोर ध्वनिक्षेपक आहे, म्हणून हा तपशील मला विशेष जवळचा वाटतो. ज्यांनी ते ऐकलं त्यांच्यातल्या किती जणांच्या घरी त्या दिवशी मीठ आणि साखर दोन्ही असेल?

महालनबीस यांचा अहवाल काही नियतकालिकांनी परत पाठवला. अखेर १९७३ साली तो छापून आला. १९७८ साली 'लॅन्सेट'नं संपादकीयात म्हटलं, की सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शोषले जातात हा शोध कदाचित या शतकातला सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना २०२३ साली, मरणोत्तर मिळालं.

बांगलादेशात १९८० पासून दहा वर्षं 'ब्रॅक' संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ. एक कोटी वीस लाखांहून जास्त घरांत त्यांनी हे शिकवलं. त्या कार्यकर्तीला मिळणारे पैसे तिनं किती घरं केली यावर ठरत नसत. नंतर दुसरं कुणी जाऊन तपासायचं, की आईच्या लक्षात किती राहिलं आहे, आणि त्यावर तिचे पैसे ठरायचे. शिक्षकांच्या पगाराला ही पद्धत लावली तर काय होईल, याचा विचार मी तूर्त करत नाही.

असं सगळं असूनही जगात आजही दरवर्षी लाखो मुलं जुलाबानं जातात. आपल्याकडे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे एकसष्ट टक्क्यांना ओआरएस मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या एकोणचाळीस टक्क्यांचं काय? पाकीट स्वस्त आहे, औषधाच्या दुकानात मिळतं, सरकारी केंद्रात फुकट मिळतं. २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधल्या खासगी डॉक्टरांचा एक मोठा अभ्यास आला. ओआरएस औषध आहे हे डॉक्टरांना ठाऊक होतं. तरी ते लिहून देत नव्हते, कारण रुग्णाला ते नको असतं अशी त्यांची समजूत होती. आणि रुग्णाला तर बहुधा ते चालणार होतं. डॉक्टरला वाटतं याला सलाईन हवंय, आई म्हणते डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबरच असणार, आणि पाकीट कपाटात पडून राहतं. आपल्याकडेही सुई टोचल्याशिवाय उपचार झाल्यासारखं वाटत नाही. मीठ-साखरेला मान मिळत नाही, कारण ती रोज आपल्या स्वयंपाकघरात असते.

आणखी एक प्रकार अलीकडे फोफावला होता. रंगीत खोक्यांतली गोड पेयं, नावात ओआरएस ही अक्षरं, आणि आत साखर प्रमाणापेक्षा कितीतरी पट. आई ते मोठ्या विश्वासानं जुलाब लागलेल्या मुलाला पाजायची. मनिलात जे घडलं त्याचं हे घरगुती रूप. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. तरी दुकानात बाटली किंवा खोकं हातात घ्याल तेव्हा त्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. थंड पेयं आणि डब्यातले फळांचे रसही जुलाबात नकोत, कारण तेच.

जाता जाता मधुमेह असलेल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट. या दाराचं एक भावंडं मूत्रपिंडात असतं. रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज मूत्रपिंडात गाळला जातो आणि त्याचा बहुतेक सगळा हिस्सा हे दार सोडियमच्या जोडीनं परत आत घेतं. मधुमेहाची एक नवी औषधं आहेत, त्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असतं. ती हेच दार बंद करतात, त्यामुळे साखर लघवीवाटे जाते. तुम्ही ती घेत असाल आणि उलट्या-जुलाब लागले, तर ती गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

आता मुलाला पाजायचं कसं, ते सांगून थांबतो. मिळत असेल तर पाकीटच वापरा, कारण त्यात पोटॅशियमही असतं आणि प्रमाण नेमकं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ साली हे प्रमाण आणखी सौम्य केलं. आता लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. मोठं पाकीट लिटरभर पाण्यासाठी, छोटं एका पेल्यासाठी, हे पाकिटावर छापलेलं असतं. पाकीट आख्खं एकदम सगळ्या पाण्यात घालायचं. थोडी पूड आता आणि थोडी मग, असं करू नका. दार जोडी मोजतं, आपला अंदाज मोजत नाही. पाकीट नसेल तर सुरुवातीला सांगितलं ते प्रमाण. करून झाल्यावर चाखून बघा, अश्रूंपेक्षा जास्त खारट लागलं तर ओतून टाका आणि पुन्हा करा. लहान मुलाला चमच्या-चमच्यानं द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. सोबत जस्ताच्या गोळ्या किती दिवस द्यायच्या, ते आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा. मूल गुंगीत असेल, डोळे खोल गेले असतील, पिताच येत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर घरी वेळ न घालवता इस्पितळ गाठा, आणि वाटेत पिऊ शकत असेल तर पाजत राहा. केलेलं पाणी चोवीस तासांनी उरलं तर फेकून द्या, दुसरं करा.